मापट्याच्या बुडाचा पोचा

एका वेळेला मूठभर तांदूळ. मूठही सारजाबाईची, म्हणजे काही फार मोठी नव्हे. पण तेवढे रोज वाचले तर कणगी दसऱ्यापर्यंत पुरणार होती, आणि कणगी पुरली तर तिचा भिवाजी घरी राहणार होता. मूठभर तांदळात मुलगा! इतका स्वस्त सौदा पौडाच्या बाजारात कधी कोणाला मिळाला असेल तर सांगा.

मित्रांनो, मी एक जुने मापटे आहे. तुम्ही किलोच्या राज्यात जन्मलात, म्हणून ओळख सांगते. दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, असे आमचे कूळ. लोहाराने जाड पत्रा वळवला, काठ दुमडला, खाली सपाट बूड बसवून कडेने ठोकले आणि मी झाले. कोंडिबाने, म्हणजे सारजाबाईच्या नवऱ्याने, मला विकत घेताना वाण्याच्या मापाशी ताडून पाहिले. दाणा इकडे नाही की तिकडे नाही. "खरं माप हाय," तो म्हणाला. तेवढ्या एका शब्दावर मी पुढची कितीतरी वर्षे ताठ उभे राहिले.

आमचे घर पौडाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेच्या सात-आठ उंबऱ्यांच्या वाडीत. खाली भाताची खाचरे. सुगीला खळ्यावर आंबेमोहोराचा वास सुटायचा आणि मला दिवसभर उसंत नसायची. दिवाळीला मला घासूनपुसून कुंकू लावायचे. भिवाजीचे लग्न झाले तेव्हा मला तांदळाने भरून उंबऱ्यावर ठेवले होते. नव्या नवरीने, कृष्णाबाईने, पायाच्या अंगठ्याने मला हलकेच लवंडले. तांदूळ घरभर पसरले आणि सगळे म्हणाले, लक्ष्मी आली. सारजाबाईनेही म्हटले. मग लगेच वाकून दाणा न् दाणा वेचून घेतला.

ती होतीच तशी. काडेपेटीतली काडी उभी चिरून तिच्या दोन करायची. विस्तव शेजारून आणायची, म्हणजे ती चिरलेली काडीसुद्धा वाचायची. शेवटचा घास तोंडात जायच्या आत दिवा मालवायची. वाडीतल्या बाया हसायच्या. पण मी तिला हसत नाही. कोंडिबा गेल्यावर त्या बाईने दोन मुलगे याच हिशेबावर वाढवले.

थोरला कुशाबा मुंबईला गोदीत गेला. पहिल्या शिमग्याला ट्रंक घेऊन आला. दुसऱ्या शिमग्याला मनीऑर्डर आली. पुढे माणूसही आले नाही आणि मनीऑर्डरही नाही. सारजाबाई त्याचे नाव काढीत नसे. मात्र पौडाकडून कोणी वाट चढून आले की तिचा हात चालता चालता थांबायचा.

नवे पैसे बाजारात आले त्याच सुमाराची ही गोष्ट. आदल्या सालचे भात अर्धेमुर्धेच झाले होते. घरात पाच तोंडे: सारजाबाई, भिवाजी, कृष्णाबाई आणि नथू-बारकू हे दोन मुलगे. सहावी चंद्री. ती चैत्रात झालेली, अंगावर पिणारी, म्हणून तिला तोंडात कोणी धरले नाही. आषाढातल्या एका रात्री भिवाजी जेवता जेवता म्हणाला, "आये, कणगीचं बूड दिसाया लागलं का मी बी जातू ममईला. दादाला हुडकतू, आन चार पैसं बी धाडतू."

"गप जेव," सारजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरातली माणसे लावणीला गेली. तिने मला उंबऱ्यावर पालथे घातले आणि वरवंट्याने माझ्या बुडावर घाव घातले. फार नाही. बूड आतल्या अंगाला फुगेपर्यंत. वरून पाहिले तर मी तसेच, काठोकाठ भरणारे, काठावर दाण्यांच्या ढिगाची शीग घेणारे. आत मात्र एका मुठीची जागा कमी झालेली. पत्र्याला दुखत नाही, मित्रांनो. लाज मात्र वाटते.

कणगीला हात लावायचा मान त्या घरात सासूचा. सारजाबाई मला भरून सुपात ओतायची आणि सूप कृष्णाबाईच्या हातात द्यायची. पहिल्या रात्री ती माळ ओढण्याचे निमित्त करून दाराआड बसली. कोणी कुरकुरते का ते ऐकायचे होते तिला. भिवाजी पोटभर जेवून ढेकर देऊन उठला. मुलांनी दोनदा भात मागितला, दोनदा मिळाला. कोणी हूं की चूं केले नाही. सारजाबाईने समाधानाने हात जोडले. एकेक घास कमी झाला तर पोटाला कळतसुद्धा नाही, असा तिचा हिशेब होता, आणि तो जुळला होता.

जुळणारच. भात वाढायची एक रीत होती. आधी भिवाजी, कारण तो दिवसभर चिखलात. मग मुले, कारण ती मुले. त्यांना नको म्हणेपर्यंत वाढायचे. सारजाबाई संध्याकाळी जेवतच नव्हती. श्रावण लागला होता. सोमवार होता, शनिवार होता, मग तिने गुरुवार धरला, मग मंगळवार. देव होते तेवढेच राहिले, उपास मात्र वाढले. म्हणजे रात्री सगळ्यांच्या मागून जेवायला बसायची ती एकटी कृष्णाबाई. ती टोपाच्या कडा खरवडायची. खाली लागलेली खरपुडी पाण्यात भिजवायची. बांधावरचा टाकळा खुडून आणलेला असायचा. तो तेलाशिवाय, मिठावर शिजवून त्या खरपुडीत कालवायची. दिवा तोवर मालवलेला असे. अंधारात ताटात काय आहे हे कोणाला दिसणार?

तिला कळले नव्हते का? तांदूळ धुणाऱ्या हाताला कळत नाही असे होत नाही. ती फक्त पाणी जरा जास्त घालू लागली.

पोळी-भाकरीचे दिवसच नव्हते ते. नाचणी कधीच संपली होती. भाद्रपद जवळ आला तशी चंद्री किरकिर करू लागली. छातीला लावली की दोन घोट ओढायची आणि मान फिरवून रडायची. सारजाबाईने मीठ-मोहरी उतरून चुलीत टाकली. मग भिवाजीला रानात धाडून शतावरीच्या मुळ्या खणून आणवल्या. औषध फुकटचे, म्हणून सढळ हाताने उगाळले. कृष्णाबाई मुकाट्याने प्यायची. दूध काही वाढेना.

शेजारची साळूबाई हे सगळे बघत होती. ती वाडीची सुईण. कृष्णाबाईची तिन्ही बाळंतपणे तिनेच केलेली. जीभ मोठी, आणि तिला हाडही नाही. तिच्याकडे अचानक पाहुणा आला म्हणून ती एक मापटे तांदूळ उसने घेऊन गेली होती. उसन्याला नाही म्हणणे म्हणजे घराची अब्रू गेली. सारजाबाईने मला भरून, वर शीग लावून दिले होते. घाईत ती एकच गोष्ट विसरली. घरासाठी केलेली लबाडी तिने दाराबाहेर जाऊ दिली.

लेकीच्या सासरहून तांदूळ आले तसे साळूबाई फेडायला आली. ज्या मापाने न्यावे त्याच मापाने फेडावे, अशी रीत. तिने घरून आपल्या मापट्याने मोजून आणलेले तांदूळ माझ्यात ओतले. मी भरले, शीग चढली, आणि मग तांदूळ खळकन् जमिनीवर सांडले. पातेल्यात अजून उरलेच होते.

"आगं सारजे," साळूबाई म्हणाली, "माजं मापटं म्होटं का तुजं बारीक?"

"तू शीगच लई चढीवलीस."

"शीग? ही बग, सांडली की शीग." तिने तांदूळ पातेल्यात परत ओतले आणि माझ्यात हात घातला. तिची बोटे माझ्या बुडावरच्या उंचवट्यापाशी थांबली. "आगं बया बया! ह्याला तर आतनं पोट आलंय! कितवा म्हैना गं?"

सारजाबाईचे तोंड काळवंडले. "साळे, वरडू नगंस. तुला बुडवाया न्हाई केलं गं. द्येवाशपत. ते घरापुरतं हाय."

"घरापुरतं? मंजी घरातल्या कुनाला बुडीवलंस?"

"कुनालाच न्हाई. पाच तोंडं हायेत. येक येक घास. घासानं कुनी मरतंय व्हय? कणगी पुराया नगं? भिवा जायचा म्हंतुया."

साळूबाई खाली बसली. ती आता हसत नव्हती. "भिवा येक घास कमी खातू?"

"त्यो का कमी खाईल? दिसभर राबतूय."

"पोरं?"

"ती मागत्यात. मागितलं का कृष्णी वाडती."

"आन तू?"

"माजा तर उपासच हाय."

"मग ते समदं घास कुनाच्या ताटातनं गेलं गं, सारजे?"

सारजाबाईने मान वळवली. कृष्णाबाई ओसरीच्या दारात उभी होती, खांद्यावर चंद्री टाकून. पोर रडत नव्हती. रडण्याइतका जोर तिच्यात उरला नव्हता. सारजाबाई उठली आणि सुनेजवळ गेली. सुनेच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. एकाच घरात राहून हे तिला त्या दिवशी दिसले.

"बोलली का न्हाईस?" ती म्हणाली. आवाज चढवायला गेली, पण तो चढला नाही. "माप कमी यतंय, मला पुरत न्हाई, म्हून बोलली का न्हाईस मला?"

"काय बोलू, आत्याबाई?" कृष्णाबाई म्हणाली. "मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

मित्रांनो, वरवंट्याचे घाव मी सोसले. पण हे वाक्य मला सोसवले नाही. सुनेला वाटले होते, सासूने ठरवूनच तिच्या ताटावर हात मारला आहे. आणि घरात तसेच चालायचे असेल तर चालू द्यावे, असे समजून ती टाकळा खात राहिली होती.

सारजाबाईने मुसळ उचलले. मला उंबऱ्यावर उताणे ठेवून आतून बुडावर मारत सुटली. एक घाव पुरला असता. ती मारतच राहिली, साळूबाईने हात धरीपर्यंत. पोचा निघाला, पण बुडाचा सांधा अर्ध्यावर उसवला. त्यानंतर मी धान्य धरू शकले नाही. तेव्हापासून ती तांदूळ ओंजळीने घालू लागली. पहिले ताट कृष्णाबाईचे वाढायची आणि ती जेवेपर्यंत समोर दिवा धरून बसायची. "खा गं माजे बाय," म्हणायची. साळूबाईच्या शेळीचे दूध वाटीत आणून चंद्रीच्या ओठाशी धरायची. "पी गं, पी. आजी पाया पडती तुज्या."

शेळीचे दूध चंद्रीच्या पोटात ठरेना. झोळीत घालून तिला पौडाला डॉक्टरकडे नेली. त्यांनी पाहिले, औषध दिले आणि बराच वेळ कृष्णाबाईकडे बघत राहिले. वाडीत गौरी बसायच्या आत चंद्री गेली.

कासारसाईहून कृष्णाबाईचे माहेर आले. आई, भाऊ, भावजया, चुलते. एवढ्याशा पोरीमागे कसली पंगत, पण चालत आलेल्या माणसांना उपाशी कसे धाडायचे? सारजाबाईने कणगीत वाकून ओंजळी भरल्या. माझ्या पोच्याने वाचवलेला सगळा तांदूळ त्या दोन वेळांच्या जेवणात शिजला. कणगीचे बूड दिसले. हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात खाचरात निसवत होते, लोंब्या अजून हिरव्या होत्या, तेव्हा भिवाजी गाठोडे घेऊन पौडाची वाट उतरला. या खेपेला सारजाबाई त्याला राहा म्हणाली नाही. राहा म्हणायला तिच्याकडे काही उरले नव्हते.

पुढे किलो आला आणि बाजारातली खरी मापेसुद्धा मोडीत निघाली. मी तर फुटके. परसात भांडी घासायची राख ठेवायला माझा उपयोग होतो. कृष्णाबाई रोज माझ्यात हात घालते. तिने मला कधी आपटले नाही.

मित्रांनो, काटकसर जरूर करा. काडी चिरा, दिवा लवकर मालवा, अन्नाचा कण वाया घालवू नका. पण घरात काही कमी करायचे ठरवाल, तेव्हा ते कोणाच्या वाट्याचे कमी होते आहे, ते उजेडात जाऊन बघा. सगळ्यांचे थोडे थोडे असे कधी नसते. ते कोणा एकाचेच असते, आणि ते माणूस बहुतेक वेळा बोलत नाही.

माझा हिशेब आता मिटवते. भिवाजीने एक घासही भरला नाही. नथू-बारकूने नाही. सारजाबाईने आपले उपास भरले, आणि वर मुलगा दिला. कृष्णाबाईने अंगातले दूध भरले. बाकी सगळे चंद्रीने भरले. तिच्या नावाचे ताट त्या घरात अजून मांडलेही नव्हते.