डावीकडे ओढणारी पिकअप

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. माझा रंग विचारू नका. तो निळा होता असं माझा मालक एकनाथ सांगतो, पण सातपाटीच्या खाऱ्या वाऱ्यापुढे कुणाचं काय चाललंय! माझा जन्म एकाहत्तर सालचा. आधी तारापूरला एका ठेकेदाराकडे मी सिमेंट वाहिलं. त्या बाबाने मला कधी धुतलं असेल तर शपथ! ऐंशी साली एकनाथने मला घेतलं, चाकापुढे नारळ फोडला आणि मी मासळीवाल्यांची झाले.

कामात मी कधी कुचराई केली नाही. सकाळी मंजुळामावशी आणि तिच्या सोबतच्या पाच-सहा जणी टोपल्या घेऊन मागे चढायच्या. सातपाटीहून शिरगावमार्गे पालघरच्या बाजारात आमची फेरी. "एकनाथाची गाडी म्हंजे देवाची गाडी," असं मावशी म्हणायची तेव्हा मी जरा जास्तच फुगायचे. खोटं कशाला बोलू?

मग एकनाथच्या डोक्यात उंचीचं खूळ शिरलं. ओहोटीला त्याला थेट होड्यांपर्यंत जायचं असे आणि माझं पोट वाळूला घासायचं. त्याने बोईसरला आनंदा मिस्त्रीकडून माझ्या चारही चाकांवरच्या कमानींत, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक जादा पाटा घालून घेतला. मी चांगली चार बोटं उंच झाले. गावात काय ऐट होती माझी! पण ती चार दिवसांत उतरली.

एकनाथचा हात जरा सैल पडला की मी डावीकडे ओढायचे. आणि डावीकडे खाडीचा उतार! मुद्दाम नव्हते हो करत, चाकंच ऐकत नव्हती. टायर एका कडेने झिजून गुळगुळीत झाले. स्टेअरिंग धरून धरून एकनाथचा खांदा सुजला. मावशी तर सगळा रस्ता उजवीकडचा दांडा दोन्ही हातांनी आवळून बसायची.

एका सकाळी समोरून एसटी आली. एकनाथने बाजू दिली आणि माझं डावं चाक कडेवरून खाली घसरलं. मागे टोपल्या उलटल्या, मावशीचा गुडघा फुटला. थोडक्यात वाचलो.

"एकनाथदादा, हिच्यात आमी आता बसायच्या नाय," मावशीची सून दमयंती कडाडली. "घरी पोरं हायत आमची."

तिचं काय चुकलं? काहीच नाही.

एकनाथने मला दोनदा आनंदाकडे नेलं. त्याने चाकांना दोरी लावली, एक डोळा मिटून पाहिलं, पुढची चाकं सरळ करायचा रॉड फिरवला. रिकामी असताना मी अगदी शहाण्यासारखी चालायचे. टोपल्या चढल्या की पहिले पाढे पंचावन्न! शेवटी एकनाथने आनंदालाच सातपाटीला बोलावलं.

"मिस्त्री, आज नाय जमलं तर हिला भंगारात देतो," तो म्हणाला. "बायांचा जीव घेऊन मला गाडी नाय चालवायची."

भंगार! मित्रांनो, माझ्या टाकीतलं पेट्रोल गोठलं.

आनंदा दोरी काढू लागला. ओट्यावर पाय पसरून बसलेली मंजुळामावशी हे बघत होती.

"मिस्त्री, होडीचा कल कवा बघतात रे? रिकामी असताना का भरल्यावर?"

"भरल्यावर, मावशी."

"मंग? आमी काय हिच्यात रिकाम्या टोपल्या घेऊन जातो?"

आनंदाचा हात थांबला. तो हसला आणि त्याने कपाळावर हात मारला. "चढवा टोपल्या! आणि तुम्हीपण बसा सगळ्याजणी."

दमयंतीने नाक मुरडलं. "उबी हाय तवर बसते. सुरू केलीस तर उडी मारीन बघ."

बर्फ घातलेल्या टोपल्या चढल्या, बाया चढल्या. मावशीने जाळं विणायचा दोरा दिला. आनंदाने तो पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ताणला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे दोरा बोटभर कमी भरला.

"सापडलं!" तो माझ्या खालून ओरडला. "पुढच्या डाव्या कमानीत घातलेला पाटा नरम आहे. रिकाम्या गाडीत कळत नाही. वजन पडलं की कमान बसते आणि चाक मागे सरकतं. एकनाथ, चूक माझी आहे रे."

त्याने दुसऱ्याच दिवशी उजव्याच्या जोडीचा पाटा आणून बसवला. उंचीमुळे वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नव्हतं, म्हणून ॲक्सलवर दोन्हीकडे पातळ पाचरी घातल्या. मग पुन्हा टोपल्या आणि बाया चढवून, दोरा लावून रॉड जुळवला.

तिसऱ्या सकाळी भरल्या टोपल्यांनिशी आम्ही निघालो. दमयंती देवाचं नाव घेत बसली होती. खाडीच्या कडेला एकनाथने स्टेअरिंगवरची बोटं अलगद उचलली. मी सरळ चालले! इतकं हलकं मला नवीन असतानाही वाटलं नव्हतं. "मावशी, बघितलंस?" एकनाथ ओरडला.

उत्तर आलं नाही. त्याने घाबरून मागे पाहिलं. दांडा मोकळा होता आणि मावशी सुनेच्या खांद्यावर मान टाकून घोरत होती.

मित्रांनो, आता मी थकले आहे, क्वचितच बाहेर पडते. तुमच्याकडे एकच मागणं आहे. गाडी असो की माणूस, ते वाकडं चालायला लागलं तर लगेच भंगारात काढू नका. आधी त्याच्या पाठीवर काय लादलंय ते बघा. रिकामं असताना काय, सगळेच सरळ चालतात.