मानाच्या स्टिअरिंगची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनं स्टिअरिंग आहे आणि आज माझं डोकं भयंकर तापलं आहे. मी खऱ्या गाडीचं नाही. कॉम्प्युटरवर शर्यती खेळताना टेबलाला आवळतात, त्यातलं मी. पण म्हणून मला कुणी कमी लेखू नये.

लंडनमधल्या हॅरोच्या रघुवीरकाकांनी मला हौसेनं घरी आणलं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मला आवळायच्या पट्टीचे वळ अजून आहेत आणि सीमाकाकूंचे टोमणे अजून माझ्या लक्षात आहेत. आपापल्या घरी बसून खेळणाऱ्या मराठी मंडळींची काकांनी एक लीग जमवली आणि दर नोव्हेंबरात एक मोठी शर्यत सुरू केली. पहिली शर्यत त्यांनी माझ्याच जोरावर जिंकली. बाकीचे कुरकुरले, "काकांचं स्टिअरिंगच भारी आहे!" तेव्हा काकांनी नियम केला. जो जिंकेल त्याच्याकडे मी जायचं आणि पुढच्या वर्षी त्यानं माझ्यावरच धावायचं.

तेव्हापासून खोक्यात बसून मी अख्खा देश पालथा घातला. हळूहळू माझं रबर झिजलं, मी डावीकडे ओढू लागलो. मग लागोपाठ दोनदा जिंकणं कुणालाच जमेना. पण काय मजा यायची! आदल्या वर्षीच्या विजेत्याची गाडी गवतात शिरली की सगळे हसायचे, आणि तोही हसायचा.

मँचेस्टरची वीणा जिंकली आणि मी तिच्याकडे गेलो. माझी खोड ओळखून ती मला सांभाळून घ्यायची. तरी पुढची शर्यत ती हरलीच. केंब्रिजचा क्षितिज जिंकला. मला त्याच्याकडे पाठवताना तिनं दिवाळीच्या तोरणातली कागदी झेंडूची माळ माझ्या चाकाला आणि पट्टीला मिळून घट्ट गुंडाळली, नव्या गाडीला घालतात तशी.

क्षितिजनं खोकं उघडलं, नाक मुरडलं आणि मला कपाटात ढकललं. वर्षभर मी व्हॅक्यूम क्लीनरशेजारी पडून होतो. शर्यतीच्या दिवशी त्याच्या नव्याकोऱ्या स्टिअरिंगची घरघर मला तिथूनच ऐकू आली. तो जिंकला. वीणा अगदी थोडक्यात दुसरी आली. आणि त्याचं कौतुक काय विचारता! म्हणे, जुन्या स्टिअरिंगवर लागोपाठ जिंकणारा पहिला वीर! माझा नुसता जळफळाट झाला. ओरडायला मला तोंड कुठे होतं?

संध्याकाळी सगळे व्हिडिओ कॉलवर जमले. क्षितिजनं मला माळेसकट कॅमेऱ्यासमोर उचलून धरलं. "हाच तो म्हातारा! काय छळलं यानं!"

"क्षितिज, जरा फिरव ना त्याला," वीणा म्हणाली.

त्यानं फिरवलं. माळेचा दोरा कटकन तुटला आणि फुलं त्याच्या कीबोर्डवर सांडली.

"ही माळ मी बांधली होती. ती आत्ता तुटली. मग तू रेस कशावर केलीस?"

"अगं, ते डावीकडे ओढतं," तो पुटपुटला. "त्याच्यावर कोण जिंकणार?"

"जाऊ दे गं वीणा," काका म्हणाले, "शेवटी गेमच आहे."

त्या क्षणी मला काकांचाच जास्त राग आला. ज्यांनी मला मान दिला, त्यांनीच असं बोलावं?

"गेम आहे म्हणूनच, काका. रूल तुम्हीच केला होता ना? मी त्याच्यावर धावले, हरले, सगळ्यांबरोबर हसले. मग मी काय वेडी होते?"

काकांना मान वर करवेना. ते म्हणाले, "वीणा जिंकली. माझं चुकलं."

आता मी पुन्हा मँचेस्टरला आलो आहे. माझ्यावर धावायचं म्हणजे पुढच्या वर्षी बहुतेक हरायचं, हे वीणाला ठाऊक आहे. तरी आल्या आल्या तिनं मला टेबलाला आवळलं आणि सरावाला बसली. या वेळी माळबिळ काही नाही. मित्रांनो, मला मान नाही दिलात तरी चालेल, पण कपाटात ठेवू नका. मला हात लावा.