दुपारच्या पहाऱ्याची वीणा

वैशाखरे गावच्या देवळात सप्ताह बसला होता. सप्ताह उठेपर्यंत नाम थांबवायचं नाही आणि वीणा भुईला टेकवायची नाही, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यातच जायची. घेणाऱ्यानं आंघोळ करून, उपाशीपोटी घ्यायची आणि उभं राहायचं, ही गावाची रीत. आजवर वीणा पुरुषांनीच धरली. यंदा दुपारचा पहारा बायकांना मिळाला, तोही जनानं धर्माच्या दारी खेटे घातले तेव्हा.

धर्मा सप्ताहाचा मुख्य, नात्यानं तिचा दीर. कबूल झाला, पण अट घालून. "वयनी, वीणा एकदा जरी खाली टेकली ना, तर बायकांचा पहारा कायमचा बंद. मंग माझ्याकडं रडत यायचं नाय."

"नाय टेकनार, भाऊजी," जना म्हणाली होती.

आणि आज तीच जना, नातवंडांची आजी, धुतलेलं लुगडं नेसून, उपाशीपोटी, टीव्हीपुढं बसली होती.

सकाळपासून लाईट नव्हती. ती आली नेमकी जना पायात चपला घालताना. सुनेनं, अनितानं, लगेच सीडी लावली. शाळेतल्या पोरापोरींचा नाचाचा सिनेमा, परदेशातला, हिंदीत आवाज दिलेला. जनाचा मुलगा आदेश तो संध्याकाळी मुरबाडच्या दुकानात परत करणार होता.

"आत्या, शेवटचा नाच तरी बघून जावा. परत कदी मिळंल?"

"अंबूकाकू वीना घेऊन उभी हाय गो तिकडं, तिच्याकडनं मला घ्यायचीय."

"एवढ्याश्यानं काय होतंय?"

जना टेकली. सिनेमा तिनं आधी पाहिलेला होता. ती मुलं स्पर्धेला पोचणार, धिटुकली पोरगी ऐन वेळी पाय मुरगळून बसणार, तरी उभी राहणार, हे सगळं तिला पाठ होतं. तरी दर वेळी ती पुढं सरकून बघायची. कीर्तनात नाही का, कथा शंभरदा ऐकलेली असते, देव धावून येणार हे ठाऊक असतं, आणि तरी बुवांनी आवाज खाली घेतला की डोळ्याला पदर जातो. तसंच. शिवाय त्या पोरीच्या वयाची असताना जना माहेरी, सिद्धगडाच्या पायथ्याला, गौरीच्या नाचात पुढं असायची. लग्न झालं आणि सासूनं पहिल्याच सणाला सांगितलं, आता पाय आवरायचे. तिनं आवरले. पडद्यावरच्या पोरीला कुणी आवर म्हटलं की जनाला राग यायचा, आणि ती ऐकत नसे तेव्हा जनाला कुठंतरी आतून बरं वाटायचं.

नाच सुरू झाला. पोरगी लंगडत पुढं आली.

बाहेरून शेजारच्या रंगूची हाक आली. "जनावयनी घरात हायेत का काय? तिकडं म्हातारी लटलट कापतेय, आनि समदा गाव जेवून बसलाय. वीना घ्यायची कोनी?"

जना अनवाणीच देवळाकडं धावली. चैत्राच्या उन्हात फुफाटा पायाला चटके देत होता. तिच्या मनात एकच घोळत होतं. टेकली असली तर? माझ्यापायी साऱ्या बायकांचं गेलं.

देवळाच्या पायरीवरूनच तिला दिसलं. म्हातारी अंबूबाई गुडघ्यांवर बसली होती. बसली कसली, पडली होती. दोन्ही हातांनी वीणा डोक्याच्या वर धरलेली, कोपरं थरथरत होती, भोपळा कलत कलत खाली येत होता, आणि तोंडानं नाम चालूच. भोवती जेवून आलेली माणसं. हात कुणी लावायचा नाही. समोर धर्मा, नजर भोपळ्यावर.

जना धावत गेली, अंबूबाईच्या पायांना हात लावला आणि खालून दोन्ही तळवे लावून भोपळा उचलला. वीणा तिच्या गळ्यात आली.

"कुठं होतीस?" धर्मानं विचारलं.

अंबूबाई नाम सोडत नव्हती, तेवढ्यात उत्तर द्यायला हवं होतं. पोट दुखलं म्हणावं, सुनेवर ढकलावं, दोन्ही जिभेपर्यंत आलं. पण वीणा गळ्यात, समोर विठोबा.

"सिनेमा बघत होते, भाऊजी. पोरांच्या नाचाच्या स्पर्धेचा."

कुणीतरी मागं हसलं. धर्मा हसला नाही. जनानं नाम उचललं, तेव्हा अंबूबाईनं ते सोडलं आणि खांबाला टेकली.

"धर्मा, बघितलंस ना? मी पडले. वीना नाय पडली."

"बघितलं," धर्मा म्हणाला. "म्हंजे बायकांचा पहारा ऱ्हाईल. पन जनावयनीचा नाय. उद्यापासनं तिच्या जागी दुसरी कोन बघा."

जनानं मान खाली घातली. नाम मात्र तुटू दिलं नाही. माणसं पांगली. अंबूबाई गुडघे चोळत तिथंच राहिली, दोघींनी धरून न्यायला बघितलं तरी हलली नाही.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "गो जने, जिंकली का ती पोरं?"

जनाच्या मुखात देवाचं नाव होतं. तिनं नुसती मान हलवली, हो म्हणून. डोळे मात्र भरून आले, आणि आजच्यापुरता उरलेला पहारा ती उभी राहिली.