पणरावांची गाडी

बॉबिनचा दोरा संपून मशीन थांबलं, तेव्हा कुठे ताईला तो आवाज ऐकू आला. कुणीतरी तळहाताने फरशी बडवत होतं. एक थाप, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक थाप.

ती लगबगीने उठली आणि बोळात येताच तिचा पाय गाडीला लागला. दीड वीत लांबीची, रिमोटवर चालणारी ती लाल खेळण्यातली गाडी आतल्या खोलीच्या दारातल्या पट्टीवर पुढची चाकं चढवून निपचित उभी होती. तिच्या टपावर डब्याचं झाकण उताणं चिकटवलेलं होतं आणि झाकणात टॉवेलाची घडी होती.

टॉवेल म्हणजे बाथरूम.

"आले रे, आले," म्हणत ती आत गेली. धाकटा भाऊ खुर्ची आणि पलंगाच्या मधल्या जागेत पडला होता. निकामी उजवी बाजू अंगाखाली दबलेली. डावा हात फरशीवर. पायजमा भिजलेला. ती दिसताच त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"कधीपासून पडलायस?" तिने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"पण," तो भिंतीला म्हणाला.

त्याला उठवून बसवायला अर्धा तास लागला. तो अंगाने काही फार नव्हता, पण साठी उलटलेल्या बाईच्या कंबरेला तेवढाही जड होता. तिने त्याला पुसलं, कपडे बदलले, फरशी धुतली. एवढा सगळा वेळ तो डोळे मिटून होता. तिने भिजलेला पायजमा बादलीत टाकला आणि उगाचच बोलत राहिली, "काही नाही, होतं. मशीनच्या आवाजात मला कळलंच नाही बघ." घड्याळाकडे मात्र तिने बघायचं टाळलं. सकाळी मशीनवर बसल्यापासून ती बारा पँटींच्या खालच्या घड्या घालून मोकळी झाली होती. बारा पँटी म्हणजे किती वेळ, हे तिला घड्याळाशिवायही ठाऊक होतं.

'पण' हा त्याचा लहानपणापासूनचा शब्द. जेवायला बस म्हटलं तर पण, झोप म्हटलं तर पण. बाबांनी त्याचं नावच पणराव पाडलं होतं. पुढे तो जळलेल्या मोटारी दुरुस्त करायला लागला, पंख्यांच्या, पंपांच्या; जुनी तार उपसून नवी गुंडाळायची. गिऱ्हाईक म्हणे, "नवीनच घेतो आता." हा म्हणे, "पण ही चालेल ना." आणि ती चालायची. दोघा बहीणभावांची लग्नं राहून गेली. तिचं घरासाठी राहिलं, त्याचं त्याच्या आळसामुळे, असं ती गमतीने सांगे. आईबाबा गेल्यावर दोघं या दोन खोल्यांत राहू लागली. ती एका दुकानासाठी घरी बसून कपडे अल्टर करायची: कमरा आत घेणं, बाह्या कमी करणं, चेन बदलणं. तो संध्याकाळी येऊन आपल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या गोष्टी सांगायचा आणि ती 'हं, हं' करत काजं करायची.

दीड वर्षापूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सगळे शब्द पुसून गेले आणि एकच मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, सवयीचा एखादा शब्द टिकून राहतो. ताई ते ऐकून हसली होती आणि मग जिन्यात बसून रडली होती.

आधी तिने त्याला घंटी आणून दिली. मशीन सुरू असलं की ती ऐकू यायची नाही, आणि बंद असलं की घंटीच्या आवाजाने तिचं डोकं उठायचं. आठवड्याभरात त्यानेच ती पलंगाखाली भिरकावून दिली. गाडी निघाली त्याच्या दुकानातून आणलेल्या पोत्यांत. कुणीतरी दुरुस्तीला टाकली आणि न्यायला आलं नाही. त्याने बोट दाखवून ती मागून घेतली, डाव्या हाताने रिमोट मांडीवर धरून बघितला आणि बॅटरीच्या रिकाम्या खणावर टकटक केलं. बॅटरीवाला म्हणाला, "मूळची आता नाही मिळायची, ताई. ही चालेल, फक्त जरा बारीक आहे. आत हलेल. कागदबिगद कोंबा."

तिने कागद कोंबला आणि तेवढ्यावर वर्ष काढलं. रिकामा पेला आला की पाणी. चष्म्याचं घर आलं की पेपर वाचून दाखवायचा. टॉवेल आला की हातातलं टाकून धावायचं. गाडी येऊन तिच्या पायाला धडकायची, मशीनच्या आवाजाचा प्रश्नच उरला नाही. पट्टीवर आपटून ती मधूनमधून बंद पडायची, ताई येताजाता तिला एक चापटी मारायची आणि ती पुन्हा चालायची.

आज तिने चापटी मारली नाही. दुपारी जेवण झाल्यावर तिने गाडी, बारीक पेचकस आणि दोऱ्यांचा डबा घेतला आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसली.

"दाखव मला. काय होतं ते दाखव."

त्याने बघितलं नाही.

"हे बघ, तू रुसून बसलास तर मला काय कळणार? मी शिवणारी बाई. तुझ्या धंद्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

त्याने हळूच मान वळवली. तिने गाडी उलटी केली, बॅटरीच्या खणाच्या झाकणाचा स्क्रू काढला. कागदाचा भुगा झाला होता. बोटाने ढकलली की बॅटरी खणात इकडून तिकडे घसरत होती आणि प्रत्येक हेलकाव्याला तिची वायर ओढली जात होती. टोकाचा प्लग अर्धा बाहेर आला होता.

"हे होय? ढिली आहे म्हणून निघतंय?"

"पण," तो म्हणाला. हा 'हो'वाला होता. वर्षभरात तिला त्याच्या पणांचे चारपाच प्रकार ओळखता येऊ लागले होते.

तिने प्लग नीट बसवला आणि पुठ्ठ्याची पट्टी दुमडून फटीत सारली. त्याने तिचा हात धरून मागे ओढला. पुठ्ठ्याच्या कडेखाली लाल वायर चेपली होती. "बरं, बरं," म्हणत तिने पुठ्ठा काढला आणि चिकटपट्टीचे वेढे घ्यायला सुरुवात केली.

"पण. पण!"

"आता काय?"

त्याने बॅटरीवर तळवा ठेवला, मग तोच तळवा तिच्या गालाला लावला. तिला काही कळेना. त्याने पुन्हा तेच केलं, आणि मग ताप आलेल्या माणसासारखा चेहरा केला.

"तापते? ही तापते, म्हणून गुंडाळायची नाही?"

त्याने मान टेकवून डोळे मिटले. अखेर समजलं एकदाचं, असा तो चेहरा होता. दुकानातल्या नवशिक्यांना तो याच चेहऱ्याने बघायचा. ताईला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपल्या भावाचा राग आला, आणि त्याचं तिला बरंही वाटलं.

मग तिने आपल्याला येतं तेच केलं. गळ्यातली टेप काढून खण मोजला, बॅटरी मोजली. एका बाजूला पाव इंच ढिली, टोकाला त्याहून थोडी कमी. कोटाला आत घेतल्यासारखंच होतं हे. अंग बारीक, कापड मोठं. गेल्या महिन्यात कुणा गृहस्थाच्या कोटातून काढलेले खांद्यांचे पॅड तिच्याकडे पडून होते. त्यातला स्पंज चिवट होता, दबून पुन्हा फुगणारा. तिने त्याचे दोन तुकडे कापले. पहिल्यांदा जाड झाले, झाकण फुगायला लागलं. त्याने झाकणावर अंगठा दाबून दाखवला. तिने कात्रीच्या टोकाने केसभर कमी केलं. बॅटरी आत बसली ती गच्च नाही आणि सैलही नाही, मापाच्या बाहीत हात जावा तशी. जिथून वायर जाते तिथे स्पंजला काजासारखी खाच पाडली. वरची बाजू मोकळी ठेवली आणि आडव्या इलॅस्टिकची अरुंद पट्टी ओढून घेतली. तिच्या टोकाला टिचबटण लावलं, म्हणजे चार्जिंगला काढताना त्याला एका हाताने उघडता येईल.

"बघ आता, कारागीर."

त्याने गाडी कानाशी नेऊन हलवली. आतून काही वाजलं नाही. खुर्चीच्या हातावर आपटली, उलटी धरून झटकली. वायर ओढून पाहिली. मग तिच्याकडे गाडी दिली, तिने ती जमिनीवर ठेवली आणि त्याने मांडीवरचा रिमोट उचलला. गाडी पट्टीवर चढली, दाणकन पलीकडे उतरली, बोळातून मशीनपर्यंत गेली आणि मागे आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या फेरीला त्याने तिला जोरात पट्टीवर आपटवलं, तरी ती थांबली नाही.

ताई वाट बघत होती. तो 'पण' म्हणाला नाही.

त्यानंतर गाडी मधेच कधी थांबली नाही. उलट ती जरा जास्तच येऊ लागली. पायाला धडकली म्हणून ताई वाकून बघे, तर झाकणात काहीच नसे. ती उठून आत जाई. "काय हवंय?" तो डोळ्यांनी 'काही नाही' म्हणे. पहिल्या दिवशी दोनदा, मग चारदा. एकदा शाळेच्या गणवेशांचं गठ्ठाभर काम होतं आणि एका सकाळीत गाडी पाचव्यांदा रिकामी आली, तेव्हा ती तिथूनच ओरडली, "काही नसेल तर कशाला पाठवतोस रे? शिवण वाकडी जाते माझी."

गाडी तशीच मागे गेली. पुढचे चार दिवस पेला आला, टॉवेल आला, रिकामी गाडी आली नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दुकानवाली कपडे न्यायला आली आणि ताई तिला 'सगळं तयार आहे' म्हणाली, तेव्हा तिचा आवाज घोगरा निघाला. घसा खाकरून तिने पुन्हा म्हटलं. सकाळपासूनचा तो तिचा पहिला शब्द होता. दुकानवाली गेल्यावर ती बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. दोन माणसांच्या घरात एकाला बोलता येत नाही म्हणून दुसऱ्यानेही बोलणं सोडलं होतं, आणि हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. त्याला ते चार दिवस कसे गेले असतील?

दुसऱ्या दिवशी पाण्याचा रिकामा पेला घेऊन गाडी आली, तेव्हा तिने भरलेला पेला स्वतः नेऊन दिला आणि गाडीच्या झाकणात बटणांची डबी ठेवली. वर्षानुवर्षं उसवलेल्या कपड्यांची बटणं, सगळी एकत्र. "दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी," ती दारातून म्हणाली. "मला चष्म्यातून दिसत नाही आता. जमलं तर कर."

दुपारी गाडी पट्टीवरून अलगद उतरून आली. झाकणात कागदाच्या दोन पुड्या होत्या, एका हाताने वळलेल्या, वेड्यावाकड्या. तिने उघडून पाहिलं तर एकही बटण चुकलेलं नव्हतं. तिने ती परत मिसळली नाहीत, पण मिसळायचं क्षणभर मनात आलं होतं. मग तिने रंगांप्रमाणे लावायला दिली. मग आकाराप्रमाणे. हातशिलाईची कामं घेऊन ती दुपारी त्याच्या खोलीत जाऊन बसायला लागली आणि दुकानवालीने काय म्हटलं, खालच्या मजल्यावर कोण भांडलं, हे सांगायला लागली. तो बटणं लावत ऐके. मधेच एखादा 'पण' टाके. ती म्हणे, "अरे, मीही तेच म्हणाले तिला."

थंडीत त्याला दुसरा झटका आला. हॉस्पिटलात तो तीन दिवस होता. दुसऱ्या दिवशी तो काहीतरी पुटपुटतोय म्हणून नर्सने ताईला हाक मारली. "पेशंटला काही सांगायचंय का बघा. पण, पण करताहेत."

ताई वाकून बराच वेळ ऐकत राहिली. चारपाच प्रकारांपैकी हा कोणता ते तिला ओळखता आलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "तो असंच बोलतो."

तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

पंधरा दिवस तिने काम घेतलं नाही. मग दुकानवाली स्वतःच आली. दोन्ही काखोटीला गाठोडी, मागून रिक्षावाल्याने आणलेली आणखी तीन. एका कंपनीच्या गणवेशांचं काम होतं, चाळीस पँटी, सगळ्यांची उंची कमी करायची.

"ताई, तुम्हाला घाई नाही. सावकाश करा," दुकानवाली म्हणाली. पुढच्या खोलीत टेबल, मशीन आणि एक कपाट, पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि गाठोडी बोळात, भिंतीकडेला लावायला सुरुवात केली.

"तिथे नको."

"का हो? मोकळंच तर आहे."

"तिथे नको," ताई पुन्हा म्हणाली. "वाट आहे ती."

दुकानवालीने बोळाकडे पाहिलं, पलीकडच्या बंद दाराकडे पाहिलं. दोघींनी मिळून गाठोडी टेबलावर, कपाटावर आणि उरलेलं एक स्टुलाच्या खाली सारलं. दुकानवाली गेली. ताईने दार लावून घेतलं, टेबलावर कोपर टेकण्यापुरती जागा केली, सुईत दोरा ओवला आणि पहिली पँट उलटी करून घेतली. मशीनखाली तिने पाय जरा आखडूनच ठेवले होते.