देवकुंडच्या राणीची तलवार

डब्लिनच्या कुमारकाकांच्या बेसमेंटमध्ये त्या रविवारी चपला काढायलाही जागा नव्हती. पूर्वजन्मानंद महाराज आले होते. तलवारीचं पातं हातात देऊन ते म्हणे मागचा जन्म सांगायचे. आणि मागच्या जन्मी सगळेच बडे! इन्शुरन्समधला मिहीर सेनापती, चारुताकाकू राजपुरोहिताची कन्या. पाणक्या म्हणून एकही नाही.

मी सुलेखाबरोबर आले होते. तिचा मुलगा सिद्धेश गेल्या हिवाळ्यात बर्फावर गाडी घसरून गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिच्याकडे वरणभात लावते आणि आम्ही टीव्हीकडे बघत जेवतो. काय बघितलं ते दोघींनाही सांगता येणार नाही. तिला इथे यायचं होतं, मी गाडी काढली, झालं.

आत येताना प्रत्येकाच्या तळहातांना ओली हळद फासत होते. शुद्धीसाठी म्हणे.

महाराजांनी सुलेखाला पुढे बोलावलं आणि डोळे मिटले. "आठशे वर्षांपूर्वी! भद्रकोट आणि देवकुंड, शेजारशेजारची राज्यं. भद्रकोटचा राजा गेला. गादी कुणाची? राणी म्हणते, माझ्या लेकराची. राजाची बहीण देवकुंडला दिलेली, ती म्हणते, माझी! युद्ध पेटलं, माणसं कापली गेली. आणि त्या लेकराला सख्ख्या आत्यानं मारलं. भद्रकोटची राणी तू होतीस, माउली."

सुलेखानं तोंडावर पदर धरला.

"ती आत्याही इथंच आहे." त्यांचं बोट माझ्याकडे वळलं. पात्यावर चांदीच्या गडूतलं पाणी ओतून ते म्हणाले, "धर!"

मी उजव्या हातानं पातं धरलं. बोटांमधून लालभडक ओघळ आला. अगं बाई, रक्त, असा एकच गलका झाला.

"वैर संपलेलं नाही! रोज तुझ्या घरी येते ना ही? हिच्या सावलीनंच लेकरू गेलं."

"विनीता, तू?" सुलेखा म्हणाली.

मला राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. मी हात धुवायला बाथरूममध्ये गेले.

उजवा हात लाल, डावा अजून पिवळा. साबणाची वडी डाव्या हातावर फिरवली, तर तोही लाल! पांढऱ्या शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे मी जन्मभर बघत आलेय. मग आठवलं, बाकी सगळ्यांच्या वेळी पाणी तांब्यातलं होतं. गडू फक्त माझ्यासाठी निघाला.

मी बाहेर येऊन गडू उचलला. "सुलेखा, हात पुढे कर."

"हात लावू नकोस! शाप लागेल!" महाराज ओरडले.

मी पाणी ओतलं. तिचा पिवळा तळहात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

"आता सांग, सिद्धेशला तूही मारलंस का?"

कुमारकाकांचा जन्म रंगांच्या लॅबमध्ये गेलेला. त्यांनी ते पाणी बोटांत चोळून बघितलं. "वॉशिंग सोडा," ते पुटपुटले. "हे मला कळायला हवं होतं गं. पण हात जोडून बसलो होतो ना."

चारुताकाकू रडायलाच लागल्या. सिद्धेशचं, माझ्या रोजच्या येण्याचं, सगळं त्यांनीच फोनवर महाराजांना सांगितलं होतं, सुलेखाला बरं वाटावं म्हणून. महाराज 'इथे निगेटिव्ह एनर्जी फार आहे' म्हणत तलवार गुंडाळत होते.

गाडीत सुलेखा हाताकडे बघत बसली. "मला क्षणभर बरं वाटलं होतं गं. कुणीतरी मारलं असतं, तर रागवता तरी आलं असतं."

"माझ्यावर रागव. मी उद्याही येईन. पण त्याला कुणी मारलं नाही, सुलेखा. बर्फ होता, रस्ता घसरडा होता, बास."

तेव्हा ती रडली, हिवाळ्यानंतर पहिल्यांदा.

तुम्हाला एवढंच सांगते. दुःखाला कारण विकणारा कुणी दारात आला, तर जोडलेले हात आधी सोडा आणि ते पाणी तपासा. कुणाच्या तरी मैत्रिणीला खुनी ठरवण्याआधी तरी तपासा.

त्या संध्याकाळी मी वरणभात लावला. टीव्ही बंदच ठेवला.