साहेबरावांचा गळा माझ्या पोटात

मी एक जुनी कम्प्युटरची पेटी आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका. किळस मला तुमच्यापेक्षा जास्त येते, फक्त मुरडायला नाक नाही.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात माझी जुळणी झाली. जुळणाऱ्याच्या तोंडात गुटख्याची पुडी होती. तो वाकला आणि एक तांबडा थेंब माझ्या पत्र्यावर पडला. त्यानं तो अंगठ्यानं पुसला आणि अंगठा पँटीला पुसला. असा माझा जन्म.

गारखेड्यात साहेबरावांच्या घरी आले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, कडूबाईनं, मला विणलेला रुमाल पांघरला. थोरला आकाश अभ्यासाचं नाव सांगून माझ्यावर गाड्या पळवायचा, तेही चिवड्याच्या तेलकट बोटांनी. कीबोर्ड उलटा केला असता तर एका माणसाची न्याहारी निघाली असती.

साहेबराव दिवसा गवंडीकाम करायचे आणि जयंतीत भीमगीतं गायचे. तसा खणखणीत गळा गल्लीत दुसरा नव्हता. त्यांच्या कॅसेटी होत्या. धाकट्या सुकेशनीनं टेपरेकॉर्डरला वायर लावून एकेक कॅसेट माझ्यात उतरवली. बरं झालं, कारण पुढच्याच वर्षी साहेबरावांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कॅसेटींना बुरशी लागली. तो गळा उरला फक्त माझ्या पोटात. मला त्याचा गर्व आहे, आणि मी तो लपवत नाही.

आकाशनं लॅपटॉप घेतल्यावर सुकेशनीनं मला झाडून पुसून घरच्या वायफायला जोडलं आणि घरचा सर्व्हर केलं. म्हणजे सगळ्यांची गाणी, फोटो, व्हिडिओ मी सांभाळायचे आणि टीव्हीवर, मोबाइलवर जो मागेल त्याला द्यायचे. घरातली कोठीच म्हणा. रोज संध्याकाळी कडूबाई टीव्हीवर गाणं लावायची आणि साहेबराव खुर्चीच्या हातावर बोटानं ठेका धरायचे. ठेका कधी चुकला नाही.

पुढं सुकेशनी लग्न होऊन खुलताबादला गेली आणि आकाशला माझी लाज वाटू लागली. ती माहेरी आली असताना त्यानं विषय काढला.

“पाहुणे आले की हे भंगार घरघर करतं. मी नवा डबा आणतोय. त्यात दोन डिस्क. एकीत टाकलं की दुसरीत आपोआप जातं.”

“भाऊ, ती दुसरी नुसता आरसा हाय,” सुकेशनी म्हणाली. “एकीतलं पुसलं की दुसरीतलंबी जातं. एक डिस्क बिघडली तर तिचा उपयोग. नवा डबा घे, मी कुठं नाय म्हणते? पण एक प्रत वेगळी, दुसऱ्या घरी ठेव. माझ्याकडं दे.”

“तुझ्या सासरी उंदीर कुरतडतील.”

“तुझ्यापेक्षा कमीच कुरतडतील.”

“गप बसा दोघं,” कडूबाई म्हणाली. “ह्यांचा आवाज कुठं राहणार, तेवढं सांगा.”

“नव्या डब्यात, माय. दोन दोन ठिकाणी!”

झालं. माझ्यातलं सगळं त्यानं नव्या डब्यात उतरवून घेतलं. माझं पोट रिकामं करायचा मात्र आळशाला कंटाळा आला. रुमाल काढून मला गॅलरीत, फिनाईलच्या बाटलीशेजारी टाकलं. आठवड्यात झुरळं आली. पंख्यामागं घर केलं, अंडी घातली, पिल्लं काढली. सगळं खानदान माझ्या तारांवरून मिशा हलवत फिरायचं. शी! ज्या पोटात साहेबरावांचा सूर, त्याच पोटात ही घाण.

नवा डबा शोकेसमध्ये बसला, काळा, चकचकीत. त्याच्यात भरलं काय? गुलाबावरचे सुप्रभात. एकाच साखरपुड्याचा तोच व्हिडिओ सहा वेळा. ताटातल्या बिर्याणीचे फोटो, आणि ती बिर्याणी पचून वर्ष झालेलं. संध्याकाळी टीव्हीवर आता आकाशच्या क्रिकेट मॅच, साहेबरावांचं गाणं मागं पडलं. मार्चात जागा संपली. आकाशनं सफाई काढली. बिर्याणी ठेवली, आणि माझ्यातून आलेला ‘जुनं’ नावाचा कप्पा उघडूनही न बघता पुसून टाकला. वर स्वतःशीच म्हणतो, “दुसऱ्या डिस्कमध्ये आहेच की.” गॅलरीत मी जळत होते.

जयंतीआधी घराला रंग द्यायचा म्हणून त्यानं भंगारवाला बोलावला. भंगारवाल्यानं माझं झाकण उघडलं आणि उडी मारून मागं सरला.

“अरे बाप रे! काकरोचां का मोहल्ला बसाए क्या इसमें? नक्को भाई, मेरा पूरा माल खराब होता.”

भंगारानंही मला नाकारलं, मित्रांनो! आकाशनं मला पायानं कोपऱ्यात सरकवलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी मंडळाची पोरं साहेबरावांचं गाणं मागायला आली. कडूबाईनं टीव्ही लावला. गाणं नाही. आकाशनं डबा बंद करून चालू केला. गाणं नाही. मग त्यानं दुसरी डिस्क धुंडाळली. तिथंही नाही. साहेबरावांचं बोट ठेक्यासाठी उचललेलं होतं, ते तसंच राहिलं.

“दोन दोन ठिकाणी म्हणाला होतास ना?” कडूबाई म्हणाली. “एका ठिकाणी तरी दाखव.”

सणाला आलेल्या सुकेशनीनं विचारलं, “माय, जुनी पेटी कुठं हाय?”

“गॅलरीत. भंगारवाल्यानंबी नेली नाय, लई झुरळं म्हणून.”

सुकेशनीनं रंगाच्या ब्रशानं माझं पोट झाडलं. झुरळं पळाली तसा आकाश खुर्चीवर चढला. तिनं मला टीव्हीला जोडून बटन दाबलं. मी खर्र केलं आणि विझले. पुन्हा दाबलं. होतं नव्हतं तेवढं बळ लावलं मी. घरघरले, धापा टाकल्या, पण डिस्क फिरली.

आणि साहेबराव गायले. भिंतीचा ओला रंग, स्टुलावरचे डबे, सगळ्यांतून तो आवाज चढत गेला. उचललेलं बोट खाली आलं, बरोब्बर समेवर. त्यांचे ओठ हलत होते. आकाश खुर्चीवरून उतरला आणि बापाच्या पायाशी बसला.

गाणं संपताच सुकेशनीनं माझ्यातून दोन प्रती काढल्या. एक नव्या डब्यात गेली. दुसरी वेगळ्या डिस्कवर, माझ्याच विणलेल्या रुमालात गुंडाळून, खुलताबादला. पोचवायला आकाश स्वतः गेला, गाडी हळू चालवत.

तर मित्रांनो, पेटी जुनी ठेवा नाहीतर चकचकीत घ्या, ते तुमचं तुम्ही बघा. पण आपल्या माणसाचा आवाज एकाच छताखाली ठेवू नका. आणि पुसायच्या आधी उघडून ऐका, बोटं झिजत नाहीत.

माझ्या पंख्यामागं अजून एक झुरळ आहे. सुकेशनीला दिसलं नाही. किळस येते मेल्याची. पण असू दे.