टाक्यांचं कवाड

‘इरू माझी गं जाईल, सात गावांच्या पल्याड
तिच्या अंगावर राहो, माझ्या टाक्यांचं कवाड...’

ओटीवर पाय पसरून गोधडी शिवणाऱ्या बाईचा तो आवाज जरा घोगरा होता. सुई कापडात शिरली की थांबायचा, वर आली की पुढे सरकायचा. ब्रिस्टलच्या डायलिसिस युनिटमध्ये साहराबाईंच्या हाताला सुई टोचताना इरावतीला तो पुन्हा ऐकू आला. साहराबाई तशाच थांबत, सरकत गात होत्या.

त्या सोमालियाच्या. मशीन सुरू झालं की मोकळ्या हातानं खुर्चीवर ठेका धरायच्या आणि बुरांबुर म्हणायच्या. बायकांनी रचायचं, बायकांनीच म्हणायचं असं ते काव्य. लेक होदान शेजारी बसून इंग्रजीत अर्थ सांगायची. कधी सांडणी हरवलेली, कधी पाऊस रुसलेला, कधी नवरा. पण आधी दर वेळी एक नाव यायचं.

ते रचणारीचं, होदाननं सांगितलं. शब्द बदलायचा नाही आणि नाव गाळायचं नाही; गाळलं तर ती चोरी. आजची रचणारी तर साहराबाईंच्या आजीच्याही आधीची. लिहिलेलं कुठेच नाही.

इरावतीच्या अंगावर काटा आला. कोण कुठली बाई, नुसत्या तोंडांतोंडांतून दुष्काळ, लढाया, समुद्र ओलांडून या खुर्चीपर्यंत चालत आली होती. नावासकट.

मग साहराबाईंनी तिच्याकडे बोट केलं. आता तुझं. इरावतीनं हळू आवाजात ओवी म्हटली. कुणाची, असं त्यांनी विचारल्यावर म्हणाली, “आमच्या गावाकडची. जुनी आहे.” आणि उगीच मशीनचे आकडे बघू लागली.

साहराबाई लेकीला काहीतरी पुटपुटल्या. होदान ओशाळून हसली.

“आई विचारतेय, गावाला कधी तोंड असतं का?”

ओटीवरची ती बाई म्हणजे मथुराआत्या, ओवी तिनंच रचलेली. तिनं नवरा सोडला होता आणि पुढे ती गावातल्या शिंप्याबरोबर राहायला गेली. वडिलांनी तिचं नाव घरात बंद केलं. लहानग्या इरूकडूनही तसा शब्द घेतला. आत्या गेली, वडील गेले, शब्द तेवढा उरला. हीच ओवी इरावतीनं लेकीला, तनयाला, पाळण्यात म्हटली, मंडळाच्या गणपतीत म्हटली. ओवीत इरूचं नाव होतं, रचणारीचं नव्हतं. ते आता जगात एकट्या इरावतीजवळ होतं.

उन्हाळ्यात होदानच्या मुलीचं लग्न निघालं. शहरातल्याच ईस्टन भागातल्या हॉलमध्ये दुपारी फक्त बायका. इरावती तनयाला घेऊन गेली. ढोल घुमला, झिरझिरीत रंगीत वस्त्रांचं रिंगण फिरू लागलं. व्हीलचेअरमधून साहराबाईंनी आधी नाव घेतलं, मग पहिली ओळ टाकली, आणि सगळा हॉल टाळ्यांनी ती झेलू लागला. ब्रिस्टलमध्येच जन्मलेल्या, ब्रिस्टलच्याच हेलात बोलणाऱ्या पोरी हातातले फोन खाली ठेवून शब्द न् शब्द म्हणत होत्या. इरावतीला वाटलं, इथे कुणी मरतच नाही.

तेवढ्यात साहराबाईंनी हात वर केला. ढोल थांबला. होदाननं माईक इरावतीच्या हातात दिला. ही आईची नर्स, म्हणाली, आणि हिच्याकडे तिच्या देशाचं एक काव्य आहे.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्या वाट बघत होत्या. कशाची, ते इरावतीला कळलं.

“आई, माझी अंगाईच ना?” तनया कुजबुजली. “ट्रॅडिशनल आहे म्हण ना. दे विल लव्ह इट.”

समोर साहराबाईंनी सुया टोचून फुगलेला हात उचलला आणि तळवा कानामागे धरला.

इरावतीनं माईक तोंडाशी नेला. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तो तिनं जाऊ दिला.

“मथुरा,” ती माईकमध्ये म्हणाली. मग तनयाकडे वळून, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “माझी सख्खी आत्या. ही मथुराची ओवी आहे.”